एकटीच बसली: एकपेशी चिपचा संच, दहा महिने वापरून झाल्यावर

आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं सहायक आहे. मुलं मला काका म्हणतात. गेल्या जुलैत विभागप्रमुख मॅडमनी लॅब-ऑन-अ-चिपचा, म्हणजे बोटभर तुकड्यातल्या बारीक वाटांत प्रयोग करायचा, शिकवणीसाठी बनवलेला संच मागवला. तेव्हापासून तो मीच लावतो, मीच धुतो, चिप तुंबली की मीच सोडवतो. सोलापूर, पंढरपूर, बार्शीकडच्या दोन-तीन महाविद्यालयांतून फोन आले, ‘घ्यावा का हो तो संच?’ म्हणून. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधी खोक्यात काय येतं ते सांगतो. जीएसटी धरून साडेबावीस हजार रुपये पडले. त्यात सहा चिप: चार पेशी पकडायच्या आणि दोन थेंब पाडायच्या. सोबत बारीक ट्यूबिंग, जोडणीच्या स्टीलच्या पिना, पाच सिरिंज, थेंबांसाठी लागणारं खास तेल दहा मिलिलिटर आणि इंग्रजीतली एक पुस्तिका. पंप येत नाही. मायक्रोस्कोपही येत नाही, आणि तोच पुढे सगळ्यात मोठा प्रश्न झाला.

चिप म्हणजे काचपट्टीवर चिकटवलेला पारदर्शक सिलिकोन रबराचा तुकडा, चार-पाच मिलिमीटर जाड. या रबराला पीडीएमएस म्हणतात. पातळ राळेसारखा रस आणि त्याला घट्ट करणारा दुसरा रस दहास एक या प्रमाणात मिसळायचा, साच्यावर ओतायचा आणि भट्टीत तापवायचा, की साच्यावरची बारीकातली बारीक रेघ रबरात उमटते. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने १९९८च्या सुमारास ही पद्धत सोपी करून दाखवली, आणि सिलिकॉनचे कारखाने नसलेल्या प्रयोगशाळांनाही चिप बनवता येऊ लागल्या. आमच्या चिपमधल्या वाटा बारा मायक्रॉन उंच आहेत (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची आणि पावातलं यीस्ट पाचेक मायक्रॉनचं. म्हणजे यीस्टला या वाटेत अंग हलवण्यापुरतीच जागा.

माझे वडील यंत्रमागावर होते. शाळेतून आलो की मी कांड्या भरायचो. पहिल्यांदा ही चिप दहाच्या, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या, भिंगाखाली धरली तेव्हा मला मागाची फणीच आठवली. एकसारखी घरं, आणि प्रत्येक घरातून एकच सूत जाणार. चिपमध्ये सुताच्या जागी पेशी आणि घराच्या जागी घोड्याच्या नालेसारखा कप. कपाच्या बुडाला दोन मायक्रॉनची फट असते. प्रवाह फटीतून निघून जातो, पेशी कपात अडकते. एक पेशी बसली की फट बंद होते, त्या कपाकडचा प्रवाह कमी होतो आणि मागून येणारी पेशी वळून पुढच्या कपाकडे जाते. ना कुठला पडदा उघडतो, ना कुठली मोटर फिरते. पाणीच जागा वाटून देतं.

मंगळवेढ्याची एक मुलगी आहे दुसऱ्या वर्षाला, वर्गात फारसं न बोलणारी. ती पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली आणि एकदम ओरडली, ‘काका, ही बघा, एकटीच बसली!’ तोपर्यंत तिने यीस्ट पाहिलं होतं ते स्लाइडवरच्या गर्दीत. एका पेशीला आपली जागा मिळाली आणि ती पुढचा तासभर तिथेच सापडणार, हे तिच्यासाठी नवं होतं. माझ्यासाठीही नवंच होतं.

वाटेत पाणी कसं वागतं हे दाखवायला मी पहिल्या तासाला नुसती निळी शाई आणि साधं पाणी दोन बाजूंनी सोडतो. दोन्ही एकाच वाटेत येतात आणि मिसळत नाहीत. दोन रंगांचे ताणे शेजारी-शेजारी चालावेत तसे ते चालत राहतात. इतक्या अरुंद वाटेत पाण्याचा चिकटपणाच त्याच्या वेगावर मात करतो, भोवरे उठतच नाहीत. प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारी रेनॉल्ड्स संख्या एकच्याही खाली असते. पुस्तकातला हा आकडा मुलं वर्षानुवर्षं पाठ करायची, आता डोळ्यांनी पाहतात. संचाची निम्मी किंमत माझ्या मते या एका तासातच वसूल होते.

आता अडचणी. मायक्रोस्कोपपासून सुरुवात करतो, कारण पैसे भरण्याआधी हे कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत भिंग वरून खाली येणारा साधा मायक्रोस्कोप असतो. दहाचं भिंग या जाड रबरातून बघू शकतं. चाळीसचं भिंग मात्र वस्तूच्या अर्ध्या मिलिमीटरइतकं जवळ यावं लागतं, आणि मधे चार मिलिमीटर रबर. बरं, चिप उलटी केली तर नळ्या खाली अडकतात, आणि काचपट्टी एक मिलिमीटर जाड असल्याने भिंग तिथेही पोचत नाही. खालून बघणारा इन्व्हर्टेड मायक्रोस्कोप लागतो, तो लाखांत जातो. पुस्तिकेत त्याचं चित्र आहे, पण ‘तो नसेल तर’ या विषयी एक ओळ नाही.

आम्ही काढलेला मार्ग असा. नवी पेठेत नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिकची एक पट्टी लेझरने कापून घेतली, मधे नळ्यांसाठी खाच ठेवून. चिप त्यावर पालथी बसते, नळ्या खाचेतून बाजूला निघतात. आणि कंपनीला पत्र लिहून पुढच्या चिप काचपट्टीऐवजी कव्हरस्लिपवर, म्हणजे स्लाइडवर झाकतात त्या पातळ काचेवर, चिकटवून मागितल्या. त्यांनी दिल्या, जादा पैसे न घेता. कव्हरस्लिपची जाडी मिलिमीटरच्या सहाव्या भागाइतकी, तिच्यातून चाळीसचं भिंग स्वच्छ दाखवतं. हाताळताना फुटायची भीती असते, तेवढं सांभाळायचं. तुम्ही मागवणार असाल तर पहिल्याच ऑर्डरमध्ये हे लिहा.

पंपाचं म्हणाल तर पेशी पकडण्यासाठी तो लागतच नाही. सलाइनचा स्टँड घ्यायचा, त्यावर सिरिंजचा नळकांडा उघड्या तोंडाने बांधायचा आणि चिपपेक्षा पंधरा सेंटिमीटर वर ठेवायचा. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब दीड किलोपास्कल होतो, कपांना तो पुरतो. वेग वाढवायचा तर नळकांडा दोन बोटं वर. नळीचं टोक ब्लेडने तिरकं कापलं तर भोकात सहज शिरतं, सरळ कापलं तर रबर फाटतं. हे मला एक चिप घालवून कळलं.

सोलापूरचा उन्हाळा या कामाला मानवत नाही, हेही स्पष्ट लिहितो. मार्चपासून बाहेर चाळीस अंश, प्रयोगशाळेत पंखा. फ्रिजमधून काढलेलं माध्यम (पेशींचं अन्न असलेलं पाणी) तसंच चिपमध्ये सोडलं की दहा मिनिटांत बुडबुडे. थंड पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते, गरम खोलीत ती बाहेर पडते, आणि बारा मायक्रॉनच्या वाटेत एक बुडबुडा म्हणजे बोळात ट्रक अडकल्यासारखं. आता माध्यम आदल्या दिवशी उकळून, झाकून, खोलीतच ठेवतो. दुसरं असं की या रबरातून वाफ आरपार जाते. ऑक्सिजनही जातो, म्हणून पेशी गुदमरत नाहीत, तो या रबराचा गुणच आहे. पण एप्रिलच्या कोरड्या हवेत रात्रभर ठेवलेले थेंब सकाळपर्यंत सुकून निम्मे झाले. आता चिप पेट्री डिशमध्ये, भोवती ओला कापूस, वर झाकण. पावसाळ्यात हा त्रास नव्हता.

तुंबण्यावर उपाय आपल्या गावातच सापडला. यीस्टचे गठ्ठे चिपच्या तोंडाशीच अडकायचे. माझा एक मित्र टॉवेलांवर छपाई करतो. त्याच्याकडून स्क्रीन प्रिंटिंगच्या बारीक जाळीचा तुकडा आणला. स्टेज मायक्रोमीटरने, म्हणजे मायक्रोस्कोपखाली मोजायच्या पट्टीने, मोजली तर भोकं चाळीस मायक्रॉनच्या आसपास. आधी त्यातून गाळायचं, मग दहा मिनिटं नळी उभी ठेवायची. गठ्ठे जड, ते खाली बसतात. वरचं पाणी घेतलं की एकेकट्या पेशी मिळतात. तेव्हापासून एक चिप आठ-दहा वेळा सहज वापरली जाते. काम झालं की उलट्या दिशेने आधी पाणी, मग पातळ ब्लीच आणि शेवटी डिस्टिल्ड पाणी सोडायचं. बोअरचं पाणी चिपजवळही आणायचं नाही, क्षार वाटेतच बसतात.

आता ज्यासाठी हा संच मला मनापासून आवडला, त्याकडे येतो.

मेथिलीन ब्ल्यू हा रंग जिवंत यीस्टमध्ये टिकत नाही, जिवंत पेशी त्याला रंगहीन करून टाकते. मेलेली पेशी निळीच राहते. पूर्वी आम्ही परीक्षानळीत यीस्ट घ्यायचो, अल्कोहोल घालायचो, ठरावीक वेळाने थेंब काढून मोजायचो आणि लिहायचो, ‘इतके टक्के मेले’. आता कपांत पेशी बसवतो आणि अल्कोहोल व रंग एकत्र सोडतो. सगळ्या पेशी एकाच घाण्यातल्या, पाणी एकच, वेळ एकच. तरी एक पेशी चौथ्या मिनिटाला निळी होते, शेजारची बाराव्या मिनिटाला, आणि खालच्या रांगेतली एखादी अर्धा तास झाला तरी तशीच. नळीतल्या सरासरीत ही शेवटची पेशी कधी दिसलीच नव्हती. ती होती, आम्ही तिला मोजायचो, पण ओळखत नव्हतो.

२००३ साली माझ्या थोरल्या भावाला क्षय झाला. सहा महिन्यांच्या गोळ्या होत्या. अडीच महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, तो कामावर जाऊ लागला आणि गोळ्या सोडल्या. पाच महिन्यांनी पुन्हा रक्त पडलं. दुसऱ्या वेळी आठ महिने, त्यात पहिले दोन महिने इंजेक्शनं. आई त्याच्यावर चिडायची आणि तो म्हणायचा, ‘बरं वाटत होतं की मला. मग कशाला खायच्या?’ मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस, पण त्याच्या ‘कशाला’ला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. कोर्स पूर्ण करायचा असतो, एवढंच मी सांगू शकलो.

उत्तर जुनं आहे. १९४४ साली डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी पाहिलं की पेनिसिलिनने स्टॅफिलोकोकस जिवाणू मरतात, पण थोडे उरतातच. त्या उरलेल्यांना त्यांनी ‘पर्सिस्टर’ म्हटलं, म्हणजे तग धरणारे. ते औषधाला निर्ढावलेले नव्हते. त्यांची पिल्लं पुन्हा पेनिसिलिनने मरत होती. मग हे कोण? हजारो-लाखांत एखादी पेशी अशी, तिला गर्दीत शोधणार कसं? साठ वर्षं लागली. २००४ साली नाताली बलाबान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलाय जिवाणूंना अशाच रबरातल्या बारीक चरांमध्ये बसवलं आणि एकेकावर नजर ठेवली. औषध सोडलं, बहुतेक मेले, काही उरले. मग त्यांनी चित्रण मागे नेऊन पाहिलं. उरलेल्या पेशी औषध येण्याच्या आधीपासूनच मंद होत्या. वाढत नव्हत्या, म्हणून औषधाला धक्का द्यायला जागाच मिळाली नाही. क्षयाचा उपचार लांब चालतो त्यामागे असे दबून बसणारे जंतू हे एक मोठं कारण मानतात.

यीस्ट वेगळं, क्षयाचा जंतू वेगळा, अल्कोहोल आणि अँटिबायोटिकही वेगळं. ते मी मुलांना दर वेळी सांगतो. पण फेब्रुवारीत एका रविवारी परवानगी काढून भावाला प्रयोगशाळेत आणलं. साठी ओलांडलीय आता त्याने, तब्येत ठणठणीत. तो डोळा लावून बसला. रांगेतल्या पेशी एकेक करून निळ्या होत गेल्या आणि एक राहिली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘ही कधी होणार?’ मी घड्याळ पाहिलं, अडतीस मिनिटं झाली होती. ‘म्हणून सहा महिने होय रे,’ एवढंच तो म्हणाला आणि परत भिंगाला डोळा लावला.

थेंबांच्या दोन चिपबद्दल माझं मत इतकं चांगलं नाही. कल्पना सुंदर आहे: मधल्या वाटेने पेशींचं पाणी, दोन्ही बाजूंनी तेल, आणि जिथे ते भेटतात तिथे पाणी तुटून सारख्या आकाराचे थेंब होतात. पन्नास मायक्रॉनचा एक थेंब म्हणजे पासष्ट पिकोलिटर (लिटरचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोलिटर). ताशी शंभर मायक्रोलिटर पाणी सोडलं तर सेकंदाला चारशेच्या वर थेंब पडतात. एकेक थेंब म्हणजे एकेक परीक्षानळी. पण याला पंप लागतोच. आम्ही एका रुग्णालयाने काढून टाकलेले दोन इन्फ्यूजन पंप दुरुस्त करून घेतले. ते इतक्या कमी वेगाला धक्के देत चालतात, थेंब लहान-मोठे होतात. पाच मिलिलिटरची सिरिंज लावल्यावर बरंच सुधारलं. तेल मात्र दहा मिलिलिटर म्हणजे चार-पाच तासिका, आणि वेगळं मागवलं तर संचाच्या मानाने फार महाग. सरावापुरतं खनिज तेल आणि स्पॅन-८० या साबणासारख्या पदार्थावर भागतं, थेंब थोड्या वेळाने एकमेकांत मिसळतात, पण थेंब कसा तुटतो हे दिसतं.

या चिपवर मुलांना एक गोष्ट मात्र फार छान शिकवता येते. दर थेंबात एकच पेशी हवी तर काय करायचं? मुलं म्हणतात, जितके थेंब तितक्या पेशी घ्या. तसं केलं तर शंभरातल्या सव्वीस थेंबांत दोन किंवा जास्त पेशी येतात, कारण पेशी रांगेत येत नाहीत, जमेल तशा येतात. अशा योगायोगाचा हिशेब सांगणाऱ्या प्वासाँच्या सूत्राने दहा थेंबांना एक पेशी असं प्रमाण ठेवलं तर शंभरातले नव्वद थेंब रिकामे, नऊ थेंबांत एकेक पेशी, आणि दोन पेशींचा थेंब दोनशेत एखादा. आमच्या थेंबांच्या मापाने त्यासाठी मिलिलिटरला पंधरा लाख पेशी लागतात. न्यूबाउर चेंबरवर (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर) मोजून तेवढं पातळ करायचं, मग बाहेर पडलेले थेंब मोजून ताळा करायचा. नव्वद थेंब जाणूनबुजून वाया घालवायचे हे मुलांना आधी पटत नाही, मोजल्यावर पटतं.

कंपनीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘सिंगल-सेल ॲनालिसिस’ लिहिलंय, त्याला माझी हरकत आहे. आज ज्याला लोक त्या नावाने ओळखतात ते काम २०१५ साली हार्वर्डच्या दोन गटांनी एकाच वेळी मांडलं, ड्रॉप-सेक आणि इनड्रॉप या नावांनी. त्यात थेंबात पेशीसोबत एक मणी जातो आणि मण्यावर त्याचा स्वतःचा डीएनए-सांकेतांक असतो. पेशी थेंबातच फुटते, तिचा आरएनए (कुठली जनुकं चालू आहेत हे सांगणारा रेणू) त्या मण्याच्या सांकेतांकाला जोडला जातो. मग सगळे थेंब फोडून एकत्र वाचायचे आणि सांकेतांकावरून वेगळे करायचे. परीट कसं करतो? प्रत्येक घरच्या कपड्यावर शाईची खूण घालतो, सगळे एकाच भट्टीत धुतो, आणि खुणेवरून ज्याचे त्याला परत देतो. तसंच. आमच्या संचात मणी नाहीत, आणि पुढचं वाचन करायला लागणारं यंत्र महाविद्यालयाच्या आवाक्यातलं नाही. हा संच एकेक पेशी दाखवतो, पकडतो, मोजू देतो. आतलं वाचत नाही. तसं लिहिलं असतं तरी आम्ही घेतलाच असता.

आणि एकेक पेशी मोजणं काही कालचं नाही. वॉलेस कूल्टर यांनी १९५३ साली पेटंट घेतलं: बारीक भोकातून पेशी एकेक करून सोडायच्या, प्रत्येक पेशी जाताना विजेचा अडथळा वाढतो, तो मोजायचा. सात रस्त्याला किंवा होटगी रोडला कुठल्याही लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या, त्या यंत्रांपैकी बहुतेकांच्या पोटात हेच तत्त्व चालतं. मुलांना मी आधी तो रिपोर्ट दाखवतो, मग चिप. ओळखीच्या कागदावरून सुरुवात केली की चिप परकी वाटत नाही.

सेवेबद्दल थोडक्यात. सहापैकी दोन चिपच्या कडा सुटलेल्या होत्या, पाणी बाजूने झिरपायचं. फोटो पाठवले, वीस दिवसांत बदलून आल्या, पण तोवर एका तुकडीचं प्रात्यक्षिक हुकलं. फोनवरचा मुलगा मात्र विचारलेलं समजून घेऊन उत्तर देतो, माहीत नसेल तर उद्या सांगतो म्हणतो आणि खरंच सांगतो. पुस्तिका मराठीत नाही. मी दोन पानांची कृती मराठीत लिहून भिंतीला लावलीय, ज्यांना हवी त्यांनी महाविद्यालयात येऊन झेरॉक्स घ्यावी.

घ्यावा का? तुमच्याकडे चाळीसचं भिंग चालणारा एक बरा मायक्रोस्कोप आणि चिप हाताळायला एक धीराचा माणूस असेल तर घ्या, पण फक्त पेशी पकडायच्या चिप मागवा. थेंबांच्या चिप दोन महाविद्यालयांनी मिळून घेतल्या तर परवडतील. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोग ठेवू नका, ऑगस्ट ते जानेवारी ठेवा. आम्ही या आठवड्यात नवी ऑर्डर दिली: कव्हरस्लिपवरच्या पाच चिप, जादा ट्यूबिंग, तेल नाही.